'हट्टी' पिल्लाला स्वच्छतेची सवय

लहान जातीचे पिल्लू घरी येऊन महिना-दीड महिना झाला, की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार ऐकू येते. "डॉक्टरसाहेब, बाकी सगळं चांगलं आहे, पण फार हट्टी आहे हो! अर्धा तास अंगणात फिरवलं तर एक थेंब नाही, आणि घरात पाऊल टाकलं की दारातच सोडतं." बरोबर आलेले काका मग कुत्र्याच्या शेपटीची आणि नळीची म्हण ऐकवतात. विषय हसण्यावारी जातो.

पण पुढे जे होते ते हसण्यासारखे नसते. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत घरातली दुर्गंधी थांबली नाही, की पिल्लू मागच्या दारी साखळीला जाते. मग मळ्यावर. काही पिल्ले महामार्गावरच्या एखाद्या ढाब्याजवळ सोडलेली आढळतात. पॉमेरेनियन, पग, शिह त्झू, डॅशहुंड अशी पिल्ले रस्त्यावर जगत नाहीत. पाळलेला प्राणी असा वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आरोग्याच्या सदरात कुत्र्याच्या शी-शूचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. ज्या फरशीवर पिल्लू घाण करते त्याच फरशीवर आपले रांगते मूल हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. एवढे कारण पुरेसे आहे.

प्रथम 'हट्टी' या शब्दाचा विचार करू. आपल्याकडचे गावठी कुत्रे अंगणात, खळ्यावर वाढले. त्याला कोणी काही शिकवले नाही, कारण दार कायम उघडे होते. लागली की ते उठून बांधावर जात असे. पॉमेरेनियनला आपण दार लावून आत ठेवतो. (आपल्याकडे 'पॉमेरेनियन' म्हणून विकले जाणारे कुत्रे बहुधा इंडियन स्पिट्झ असते. १९९४ च्या 'हम आपके है कौन' मधला टफी याच जातीचा.) म्हणजे कुठे जायचे हे पिल्लाने ठरवायचे, दार मात्र आपल्या हातात. यात हट्ट नेमका कोणाचा?

दुसरी गोष्ट शरीराची. पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवी-शौच करता येत नाही. आई पोट चाटते तेव्हा होते आणि आईच ते साफ करते. तीन आठवड्यांनंतर पिल्लू झोपायची जागा सोडून थोडे दूर जाऊ लागते. निजल्या जागी घाण न करण्याची ही बुद्धी उपजत आहे, आणि आपले सगळे शिक्षण तिच्यावरच उभे राहते. साडेआठ आठवड्यांच्या सुमारास पिल्लू ठरावीक जागा निवडू लागते. त्या वेळी पायाखाली जे लागेल, माती, गवत, कागद की गुळगुळीत फरशी, ते त्याच्या मनात पक्के बसते.

नवापूरचे रेल्वे स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे. महाराष्ट्र कुठे संपला आणि गुजरात कुठे सुरू झाला हे माणसाला पाटी वाचून कळते. पिल्लाला पाटी वाचता येत नाही. घर कुठे संपले आणि 'बाहेर' कुठे सुरू झाले हे ते वासावरून आणि तळपायाला लागणाऱ्या स्पर्शावरून ठरवते. ओसरीची फरशी आणि बैठकीची फरशी सारखीच असेल, तर त्याच्या लेखी ती एकच जागा आहे.

पिल्लू पिंजऱ्यात वाढलेले असेल आणि स्वतःच्या घाणीतच त्याला झोपावे लागले असेल, तर ही उपजत बुद्धी बोथट होते. अशा पिल्लाला दुप्पट वेळ लागतो. म्हणून सुरतेहून किंवा नाशिकहून पिल्लू आणायला जाताना ते ठेवलेली जागा डोळ्यांनी पाहावी. शिवाय २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. 'लहान असतानाच न्या, लवकर लळा लागतो' असे सांगणाऱ्याकडून घेऊ नये.

तिसरी गोष्ट मूत्राशयाची. ढोबळ हिशेब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून जो आकडा येईल तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू तीन तास. पण हा हिशेब साधारण बांध्याच्या कुत्र्याचा आणि निवांत पडलेल्या वेळेचा आहे. किलोभर वजनाच्या पिल्लाच्या मूत्राशयात काही चमचेच मावतात. जागेपणी, खेळताना त्याला तासा-दीड तासाने लागते. चार महिन्यांपर्यंत त्या स्नायूंवर त्याचा पुरता ताबाही नसतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला रागावणे म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाला लंगोट ओला केला म्हणून रागावण्यासारखेच आहे.

बाहेर नाही, घरात मात्र लगेच, असे का?

तक्रारींतली ही सर्वांत मोठी तक्रार, म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहू.

अंगण किंवा रस्ता पिल्लाला नवा असतो. मोटारसायकल जाते, शेजारचे कुत्रे भुंकते, कोंबड्या पळतात. ते बावरते किंवा हरखते. दोन्हींत लघवी राहून जाते. घरात येताच ओळखीचा वास येतो, अंग सैल पडते आणि दारातच होते. यावर उपाय म्हणजे फिरवणे आणि जागेवर नेणे या दोन गोष्टी वेगळ्या करणे. लघवीला नेताना फिरवू नये. दोरी लावून ठरलेल्या जागी न्यावे आणि आपण झाडासारखे पाच-सात मिनिटे उभे राहावे. बोलू नये, खेळवू नये. झाले नाही तर घरात आणून मोकळे सोडू नये. मांडीवर किंवा खोक्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून पुन्हा तिथेच न्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस होतेच.

दुसरे कारण आपल्या लक्षात येत नाही. पिल्लाने बाहेर लघवी केली रे केली, की आपण सुटलो म्हणून त्याला उचलून आत आणतो. पिल्लू यातून काय शिकते? लघवी केली की बाहेरची मजा संपते. चलाख पिल्लू मग बाहेर धरून ठेवू लागते. त्यालाच आपण हट्टी म्हणतो. म्हणून आधी काम आणि मग खेळ, हा क्रम ठेवावा. काम झाले की पाच मिनिटे अंगणात हुंदडू द्यावे, नंतर आत आणावे.

तिसरे कारण माराचे. घरात घाण केली म्हणून चापट मारली, नाक त्यात घासले, की पिल्लू 'घरात करू नये' असे शिकत नाही. 'या माणसासमोर करू नये' असे शिकते. मग तो माणूस दोरी धरून बाहेर उभा असताना ते कसे करणार? ते घरात पलंगाखाली, कोठीच्या मागे जाऊन करते. "बघा, त्याला चूक कळते, म्हणून तर लपते, मान खाली घालते," असे मालक सांगतात. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली हा अपराधी चेहरा नेमका तपासला. त्यांना असे आढळले की कुत्र्याने चूक केली असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा होतो. ती मालकाच्या आवाजाची भीती असते. झालेल्या घाणीशी तिचा संबंध नसतो.

डोळ्यांदेखत घरात करू लागले तर एकदा टाळी वाजवावी, उचलावे, जागेवर न्यावे. तिथे उरलेले केले तर कौतुक करावे. नंतर सापडलेली घाण मुकाट्याने पुसावी. त्या घटनेचा खटला चालवू नये.

दिवसाचा क्रम

कोणत्या वेळी लागते हे जवळजवळ ठरलेले असते: झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत (पोटात अन्न पडले की आतड्यांना चालना मिळते), दहा-पंधरा मिनिटे खेळल्यावर, पाहुणे आल्यावर, आणि रात्री झोपण्यापूर्वी. मुलांच्या जुन्या वहीत चार दिवस वेळा टिपून ठेवाव्यात. पाचव्या दिवशी त्या वहीत आपल्या पिल्लाचे वेळापत्रक दिसू लागते. मग लागण्याच्या पाच मिनिटे आधी त्याला जागेवर नेता येते. एवढे जमले की निम्मे काम झाले.

खाणे ठरल्या वेळीच द्यावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. दिवसभर वाटी भरलेली राहिली तर शौचही दिवसभर चालते. मात्र अगदी छोट्या जातीचे पिल्लू उपाशी ठेवू नये. रक्तातील साखर उतरून ते थरथरते, कोसळते. पाणी तोडण्याचा उपाय तर मुळीच करू नये. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ते जिवावर बेतते, आणि लघवी दाट झाली की जळजळ व संसर्ग वाढून त्रास उलट वाढतो.

दूध हे पिल्लाचे अन्न, असे समजून वाटीभर गाई-म्हशीचे दूध पाजले जाते. आईचे दूध सुटल्यावर पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. जुलाब होत असताना कोणतीही सवय लागत नाही. नवापूर हे कोंबडीपालनाचे गाव, तेव्हा कोंबडीची आतडी, मुंडकी सहज मिळतात व कच्चीच टाकली जातात. तसे करू नये. मांस शिजवून, हाडे काढून, डाळ-भाताबरोबर थोडे द्यावे. देशात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरातच झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो येथे पुन्हा आला. कच्च्या व मेलेल्या कोंबडीपासून कुत्र्या-मांजरांना दूर का ठेवायचे हे नवापूरकरांना वेगळे सांगायला नको.

जागेवर नेताना घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. आजी 'शू कर' म्हणणार, दादा इंग्रजीत काही सांगणार आणि काका शीळ घालणार, तर पिल्लाने काय समजावे? काम संपताच, दोन सेकंदांच्या आत, शेंगदाण्याएवढा खाऊ द्यावा आणि शाबासकी द्यावी. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ हा घरात येण्याचा खाऊ होतो.

ज्या वेळी आपले लक्ष नसते, त्या वेळी पिल्लू मोकळे नसावे. दोरी आपल्या कमरेला बांधावी, नाहीतर त्याला खोक्यात ठेवावे. आंब्याची लाकडी पेटी खिळे उपटून, घासून घेतली तर उत्तम. पिल्लाला त्यात उभे राहता, वळता, पाय पसरून निजता यावे, इतकीच मोठी असावी. फार मोठी असेल तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात घाण करते. पेटीत जुनी सतरंजी, चघळायला काहीतरी ठेवावे. शिक्षा म्हणून तिथे कोंडू नये, आणि दिवसा दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. देवघराला वीतभर उंचीची आडवी फळी लावली तर पहिले चार महिने सोवळ्या-ओवळ्यावरून होणारी भांडणे टळतात.

रात्री दहाला, एक-दोनच्या सुमारास आणि पहाटे पाचला उठावे लागते. दिवा मोठा न करता, न बोलता नेऊन आणावे. तीन महिन्यांनंतर मधली खेप बहुधा सुटते. अनुभव असा, की पिल्लू हौसेने आणतात घरातील मुलगे आणि पहाटे उठते व फरशी पुसते ती आई. ज्याने आणले त्याने पहिला महिना गजर लावून उठावे, हे पिल्लू घरात येण्याआधीच ठरवून घ्यावे.

पावसाळ्यातली सोय

शहादा-नंदुरबारपेक्षा नवापूरकडे पाऊस जास्त. जून ते सप्टेंबर अंगणात चिखल आणि पागोळ्या. वीतभर उंचीच्या पिल्लाचे पोट ओल्या गवताला लागते. ते दारातून पाऊल काढत नाही. शिवाय लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांपर्यंत, त्याला रस्त्यावर नेणे धोक्याचेच. पार्व्हो या रक्ती जुलाबाच्या रोगाचे विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकून राहतात. म्हणून स्वतःच्या घरात आडोशाला एक जागा लागते: पडवी, गॅलरी किंवा गच्चीच्या जिन्याखालचा कोपरा.

पुष्कळजण वर्तमानपत्र पसरतात. ते चालते, पण आठवड्यानंतर दारात पडलेला ताजा अंक आणि रद्दी यांत पिल्लू फरक करत नाही, हे वर्गणीदारांनी ध्यानात ठेवावे! आमच्या मते उथळ प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये खाली भाताचे तूस आणि वर आपल्याच कुंडीतली दोन बोटे माती, हे अधिक चांगले. भाताच्या गिरणीत तूस सहज मिळते, ते ओल शोषते. आणि मातीची सवय लागल्याने पुढे ट्रे अंगणात सरकवला की पिल्लूही अंगणात जाते. ट्रे एकदम हलवू नये, रोज हातभर सरकवावा. ओले तूस रोज काढावे. पोल्ट्रीच्या शेडमधले वापरलेले तूस मात्र कदापि आणू नये. त्यात रोगजंतू असतात आणि त्याचा उग्र दर्प पिल्लाच्या नाकाला सोसत नाही.

घरात जिथे एकदा झाले तिथला वास गेला नाही, तर पिल्लू तीच जागा शौचालय मानते. आपण फिनाइल ओततो. फिनाइलने आपल्या नाकाला वास झाकलेला वाटतो, कुत्र्याच्या नाकाला नाही. काळे फिनाइल तर पायाला लागून, चाटण्यात येऊन विषबाधा करते. आधी कापडाने लघवी टिपून घ्यावी, साबणाच्या पाण्याने धुवावे, मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावे व कोरडे होऊ द्यावे. सारवलेल्या जमिनीत लघवी मुरते. तिथला वरचा थर खरवडून नव्याने सारवल्याशिवाय वास जात नाही. पार्व्हो झालेल्या घरात ब्लीचिंग पावडर वापरावी लागते, पण ती व्हिनेगरबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

मुलांच्या पोटातले जंत

बहुतेक पिल्ले जन्मतःच जंत घेऊन येतात. गोलकृमी आईच्या गर्भातून आणि दुधातून, आकडेकृमी बहुधा दुधातून. गोलकृमीची अंडी माणसाच्या, विशेषतः लहान मुलाच्या, पोटात गेली की अळ्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यांत जाऊन बसतात आणि नजर अधू होऊ शकते. आकडेकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीत शिरतात. नागमोडी, खाजणारी रेघ उठते. आपल्याकडे पावसाळ्यात मुले अनवाणीच खेळतात.

यात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. ताज्या विष्ठेतील गोलकृमीची अंडी लगेच बाधत नाहीत. त्यांना तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आकडेकृमीला मात्र काही दिवसच पुरतात. म्हणजे विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरली किंवा संडासात टाकली, तर साखळी तिथेच तुटते. ठरलेल्या जागेचा हा खरा फायदा: कुठे उचलायचे ते ठाऊक असते. भाजीच्या वाफ्यात ती खत म्हणून टाकू नये. पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध, तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत दरमहा, पुढे तीन महिन्यांनी, वजन करून पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. लघवी पुसल्यावर हात साबणाने धुवावेत. लेप्टोस्पायरा जंतू कुत्र्याच्या लघवीतून पसरतात. त्याची लस पिल्लाच्या नेहमीच्या लसींबरोबरच मिळते.

मार खाल्लेले पिल्लू चावते, आणि ते बहुधा घरातल्या लहान मुलालाच चावते. 'इवलेसे तर आहे, दातच लागला' म्हणून हळद लावून गप्प बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. रेबीज झाल्यावर त्यावर इलाज नाही. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात ही लस, नंतर पशुवैद्य सांगतील तशी वर्धक मात्रा द्यावी.

सगळे नीट करूनही पिल्लू ऐकत नसेल, तर आधी तपासणी करावी. थेंब-थेंब, वारंवार, कुंथत लघवी होणे किंवा तिला लालसर रंग असणे हे मूत्रमार्गाच्या संसर्गाचे लक्षण आहे. माद्यांमध्ये तो अधिक आढळतो. आपण वाकून जवळ घेताच थोडी लघवी होणे हा आनंदाचा किंवा भीतीचा परिणाम असतो. बसून, आडव्या बाजूने जवळ गेले की वयाबरोबर ते सुटते. सहा-सात महिन्यांचा नर टेबलाच्या पायावर, दाराच्या चौकटीवर थोडी-थोडी सोडू लागला, तर ती हद्द आखण्याची खूण. त्यासाठी नसबंदीचा विचार पशुवैद्यांशी बोलून करावा.

मोठ्या जातीची पिल्ले सहा महिन्यांपर्यंत तयार होतात. छोट्यांना पुष्कळदा आठ महिने, कधी वर्षही लागते. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा घरच्या लग्नाच्या गडबडीत शिकलेले विसरतात. अशा वेळी पुन्हा आठ दिवस वही काढावी आणि पहिल्या आठवड्याप्रमाणे दोरी लावून जागेवर न्यावे.

घरात वृद्ध माणसे असतील आणि पिल्लू दाराशी उभे राहिलेले चटकन लक्षात येत नसेल, तर दाराला पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर घुंगरांची एक दोरी बांधावी. बाहेर नेताना प्रत्येक वेळी त्याचा पंजा हळूच घुंगरांना लावावा आणि मगच दार उघडावे. दोन-तीन आठवड्यांत ते स्वतः घुंगरू वाजवू लागते. आवाज आला की हातातले काम टाकून उठावे. काही दिवसांनी ते नुसते खेळायला जाण्यासाठीही वाजवील. तेव्हाही न्यावे, पण दोरी लावून, ठरलेल्या जागी, पाच मिनिटे उभे राहून परत आणावे.